कोरड्या कॉलनीतला सडा

ज्या कॉलनीत पाण्याचा एकही नळ नव्हता, तिथल्या एकूण एक अंगणात मी सडा घातला, आणि म्हणून आम्हाला पाणी मिळालं नाही.

घडलं ते एवढंच. पण मी निवृत्त मास्तर आहे. एका वाक्यात थांबायची सवय असती तर नोकरीत पोरांनी मला जास्त मान दिला असता.

गावाचं नाव सांगत नाही. छत्रपती संभाजीनगरहून एसटीनं तासाभरावर आहे, एवढं पुरे. मला अजून तिथंच राहायचं आहे आणि तिथल्याच न्हाव्यापुढं मान द्यायची आहे. त्या गावच्या शाळेत मी नोकरीभर चित्रकला शिकवली, ती शहरातून रोज जाऊन-येऊन. शहरात गुलमंडीमागच्या एका बोळात दोन खोल्या भाड्यानं होत्या. मी आणि आक्का, माझी थोरली बहीण. आक्काचे यजमान लवकर गेले. मग तिनं सरकारी दवाखान्यात नर्सची नोकरी केली, लेक शिकवली, लेकीचं लग्न लावून तिला पुण्याला पाठवली. माझं लग्न झालं नाही. का झालं नाही याची कारणं आक्काकडं आहेत, मागितली तर ती देते, आणि न मागताही देते.

आक्का जन्मभर दुसऱ्याच्या घरात राहिली. आधी बापाच्या, मग सासऱ्याच्या, मग दवाखान्याच्या क्वार्टरमध्ये, मग भाड्याच्या. तिची एकच इच्छा होती. भिंतीत खिळा ठोकताना कुणाला विचारावं लागू नये.

ही इच्छा मी एकदा माझ्या एका माजी विद्यार्थ्यापुढं बोलून गेलो. तो आता गावचा नगरसेवक आहे. शाळेत असताना गॅदरिंगच्या नाटकात मी त्याला झाड केलं होतं. हलायचं नाही, एवढंच काम. ते त्याच्या अंगी इतकं मुरलं की पुढं सार्वजनिक जीवनात त्याला त्याचा फार उपयोग झाला. तर तो पेढे घेऊन गुलमंडीला आला, माझ्या पाया पडला, आणि सरकारचं नवं धोरण समजावून सांगू लागला.

"सर, आता जे गाव घरं वाढवंल त्याला सरकारकडून जादा अनुदान. परवानग्या लवकर द्या, लेआऊट मंजूर करा, लोक वसवा. जितकी घरं वसलेली दिसतील तितका पुढचा हप्ता मोठा. अन् त्या पैशातून आपलं पहिलं काम काय?"

"काय?" मी विचारलं.

"पाण्याची लाईन."

आक्का आतून म्हणाली, "आत्ता पाणी कुठून येतं?"

"आत्ता टँकर आहे, आक्का. तात्पुरता."

आक्कानं तीस-चाळीस वर्षं सरकारी दवाखान्यात काढली होती. तात्पुरत्या पत्र्याखाली जन्मलेली बाळं तिथंच नोकरीला लागलेली तिनं पाहिली होती. तिनं नुसतं माझ्याकडं बघितलं. मला तेव्हाच कळायला हवं होतं. पण पाया पडलेल्या विद्यार्थ्यावर संशय घेणं कुठल्याच मास्तराला जमत नाही. मी म्हणालो, "आक्का, सरकारनंच बक्षीस लावलंय म्हटल्यावर गाव कामाला लागणारच." गावच्या नव्या कॉलनीत आम्ही घर घेतलं, ते आक्काच्या नावावर झालं. मी तिचा बिनभाड्याचा भाडेकरू.

कॉलनी छान होती. म्हणजे घरं होती. ओळीनं बांधलेली, एकासारखी एक, पिवळी. पूर्वी तिथं कापूस होता. ते वावर ज्यांचं होतं त्या घरातला एक जण आमच्या शेजारीच राहायचा. वावर विकून त्यानं तिथलंच एक घर घेतलं होतं आणि वाळूजला कंपनीत कामाला जात होता, उरलेल्या वेळात स्वतःची लोडिंग रिक्षा चालवत होता. सुट्टीच्या दिवशी तो ओट्यावर बसून कॉलनीकडं असं बघायचा, जसं दिल्या घरच्या लेकीकडं बघावं.

"सर, लई पाणी होतं इथं," एकदा तो म्हणाला. "आमची इहीर होती. उन्हाळ्यात बी तळ दिसत नव्हता."

"मग कुठं गेली?"

त्यानं समोरच्या मोकळ्या जागेकडं हात केला. तिथं दोन लोखंडी बाक आणि एक मोडकी घसरगुंडी होती. "बुजवली. लेआऊट पास व्हायला गार्डनची जागा सोडावी लागती म्हणं. नकाशात ती इहीर मधी येत होती."

पाण्याची विहीर बुजवून त्यावर बाग, आणि बागेला पाणी नाही म्हणून बागेत नुसतीच माती. हे सगळं नियमानुसार. मी चित्रकलेचा मास्तर, नकाशे मी आयुष्यभर काढले आणि तपासले. विहिरीची अडचण होते असा नकाशा माझ्या वर्गातल्या ढ पोरानंही काढला नसता. त्याला मी छडी मारली असती. इथं मंजुरी मिळाली.

बहुतेक घरांना कुलपं होती. लोकांनी घेऊन ठेवली, राहायला येईनात. पाणी नाही तिथं कोण येणार? मी नगरसेवकाला विचारलं, तर म्हणाला, "लोक राहायला आले की अनुदान येईल, सर. अनुदान आलं की लाईन येईल." मी म्हणालो, "अरे, पण लाईन आली की लोक येतील." तो म्हणाला, "बरोबर." आणि झाडासारखा उभा राहिला. वर मुंबईत बसून ज्यानं हे धोरण लिहिलं, त्याच्या घरी नळ सोडला की पाणी येतं, याबद्दल मला शंका नाही. त्याशिवाय माणसाला असं सुचत नाही. त्यानं बक्षीस छपराला लावलं. छपराखाली कुणी अंघोळ करतं का, तांदूळ कशात धुतं, हे विचारायची सोयच त्यानं ठेवली नाही. ज्या गावाला पाणी देता येत नाही त्या गावाला आणखी घरं बांधायला उत्तेजन देणं म्हणजे उपाशी घरात पंगतीचं आमंत्रण वाटणं, आणि जितकी पानं जास्त मांडाल तितकी शाबासकी मोठी.

आक्काचे गुडघे तोवर गेले होते. टँकर कॉलनीच्या तोंडाशी थांबायचा, पुढं मुरमाच्या रस्त्यात चाक रुतायचं. तिथून कळशी आणायची. मी आणायचो, पण माझी कमर मला न सांगता कधीही संप पुकारते, आणि मग आक्काच निघायची, एका हातात काठी, दुसऱ्यात कळशी. पुण्याहून लेकीचा रोज फोन यायचा, इकडंच ये म्हणून. लेक चांगली, जावई चांगला. पण ते घर जावयाचं. आक्का एक दिवस मला म्हणाली, "हा उन्हाळा बघते. नळ आला तर राहते. नाही आला तर कुलूप लावून पुण्याला. मग तू बघ तुझं."

ती हे रागानं म्हणाली नाही, म्हणून मी घाबरलो.

आणि मार्चअखेरीला नगरसेवक धावत आला. तपासणीला वरून साहेब येणार होते. वसलेली घरं प्रत्यक्ष बघणार, मग पुढचा हप्ता.

"सर, तुमच्याशिवाय हे कुणाला जमायचं नाही. गॅदरिंगसारखं करा. घरं भरलेली दिसली पाहिजेत."

"आणि हप्ता आला की?"

"पहिलं काम लाईन. तुमच्या पायाची शपथ."

माझे पाय त्यानं शपथेत घातले आणि मी पाघळलो. खरं सांगायचं तर निवृत्तीनंतर कुणीच मला नेपथ्य करायला बोलावलं नव्हतं. पुठ्ठ्याची झाडं करून आयुष्य काढलेल्या माणसाला एक अख्खी कॉलनी रंगवायला मिळाली. मी हुरळलो.

पाडवा नुकताच झाला होता. आक्का दरवर्षी चैत्रगौर बसवते. मी ठरवलं, साहेब येतील त्या दिवशी अख्ख्या कॉलनीत चैत्रगौरीचं हळदीकुंकू. प्रत्येक घर उघडं, प्रत्येक घरात बायका. कुलपांच्या मालकांना फोन केले, चाव्या मागवल्या. माणसं कमी पडली तेव्हा शेजाऱ्यानं देवगाव रंगारीहून आपली सासुरवाडी दोन जीप भरून आणली. त्यांच्यात चैत्रगौर बसवत नाहीत, पण आंब्याची डाळ म्हटल्यावर कुणी तक्रार केली नाही. दारादारात मी चपला मांडल्या. लहान, मोठ्या, एखादी उलटी पडलेली. घर वसलेलं आहे हे चपलांवरून कळतं. वाळत घालायला ओल्या साड्या. खिडकीत आरसा, आरशाशेजारी कंगवा. आणि अंगणात चैत्रांगण.

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी, चैत्रात अंगणात जी मोठी रांगोळी काढतात ती. सूर्य, चंद्र, गौर, कासव, हत्ती, तुळस, सगळं एकात. ती मी स्वतः काढायची ठरवली, प्रत्येक घरापुढं. पण कोरड्या मुरमावर रांगोळी बसत नाही. आधी सडा लागतो. नगरसेवकानं त्यासाठी एक टँकर वेगळा दिला.

पहाटे मी बादलीतून हातानं सडा घालत होतो आणि आक्का काठीवर रेलून बघत होती.

"हे प्यायचं पाणी आहे," ती म्हणाली.

"आक्का, सड्याशिवाय अंगण मेलेलं दिसतं."

"आपलं मेलेलंच आहे. दिसू दे ना."

"मग हप्ता कसा येणार?"

ती आत गेली. डाळ वाटायला बसली, आणि पाट्यावर वरवंटा जरा जास्तच जोरात फिरला.

साहेब आले तेव्हा कॉलनी इतकी सुंदर दिसत होती की माझ्याच डोळ्यांत पाणी आलं. त्या दिवशी कॉलनीत तेवढंच पाणी स्वतःहून आलेलं. ओली माती वास देत होती. तुळशी तरारल्या होत्या. साड्यांची टोकं टपटपत होती. साहेब भले गृहस्थ होते, घामाघूम झालेले. आक्काच्या ओट्यावर बसले. मी त्यांना पन्हं दिलं, विकतच्या जारच्या थंडगार पाण्यातलं. त्यांनी एक पेला संपवला, दुसरा मागितला.

"वा," ते म्हणाले. "पाणी गोड आहे तुमच्याकडचं."

शेजारी पुढं सरकून म्हणाला, "साहेब, ते पाणी म्हंजी..." पण नगरसेवकानं त्याच्या हातात डाळीची वाटी दिली आणि त्याला घरात ढकललं.

साहेबांनी मग मलाच विचारलं. सरळ, डोळ्यांत बघून. "काय गुरुजी, पाण्याची वगैरे काही अडचण?"

आता इथं थांबून मला माझ्या आईला दोष द्यायचा आहे. आमच्या घरी एक शिस्त होती. पाहुण्यानं विचारलं तर घरात काही कमी आहे असं सांगायचं नाही. डब्यात साखर नसली तरी "सगळं आहे, बसा" म्हणायचं. हळदीकुंकवाच्या दिवशी तर नक्कीच. माझ्या खांद्यावर उपरणं होतं, हातात पन्ह्याचा तांब्या, मागं गौर झोपाळ्यावर. तोंडातून आपोआप निघालं, "देवाच्या दयेनं काही कमी नाही."

दाराच्या आत आक्काच्या हातातला चमचा परातीत पडला.

साहेब निघून गेल्यावरही माझ्या लक्षात आलं नाही. लोक हात मिळवत होते. नगरसेवक पुन्हा पाया पडला. आक्का रात्री जेवली नाही, तिला थकवा आला असेल असं मला वाटलं.

हप्ता आला. गावात फटाके वाजले. मी नगरपरिषदेत लाईनचं विचारायला गेलो, तर नगरसेवकानं मला खुर्ची दिली, चहा मागवला, आणि तो संपेपर्यंत मुलांच्या शिक्षणाबद्दल बोलला. मग म्हणाला, "सर, लाईनचं जरा लांबलंय."

"का?"

"साहेबांनी लिहिलं की कॉलनीत पाण्याची स्थिती समाधानकारक. आता समाधानकारक असलेल्या ठिकाणी लाईन टाकली तर आमच्यावर आक्षेप येईल. मग पैसे सुशोभीकरणाला घेतले. चौकात."

"अरे, तुला तर माहीत आहे ना तिथं पाणी नाही."

"मला माहीत आहे, सर. पण साहेबांना तुम्ही सांगितलंत. मी तर तोंडसुद्धा उघडलं नव्हतं."

हे मात्र खरं होतं. त्यानं फक्त दुसऱ्याचं तोंड बंद केलं होतं.

मी घरी येताना रस्ताभर तणतणत होतो. स्वतःवर, हे आहेच. पण माझ्यासारखा एक मूर्ख ओट्यावर उभा राहून काही बोलला तर अख्ख्या वस्तीचं पाणी रद्द होतं, ही व्यवस्था कुणी केली? मी म्हणालो असतो की आमच्याकडं समुद्र आहे, तर त्यांनी बंदर मंजूर केलं असतं का? साहेबांनी एक नळ सोडून बघायचा होता. फक्त एक. घराघरात तोट्या बसवलेल्या होत्या, चकचकीत, त्यांच्यामागं पाईप नव्हते. एका तोटीला हात लावला असता तर ती हातात आली असती. पण त्यांना घरं बघायची होती, त्यांनी घरं बघितली. गावाला घरं दाखवायची होती, गावानं दाखवली. पैसे द्यायचे होते, दिले, घ्यायचे होते, घेतले. सगळ्यांनी आपापलं काम चोख केलं. आक्का तेवढी काठी टेकत टँकरकडं चालली होती.

घरी मी तिला सगळं सांगितलं. तिनं मला कपाटावरून बॅग काढायला सांगितली. मी स्टूलवर चढून ती काढली, पुसली, कॉटवर ठेवली. तिनं लेकीला फोन लावला आणि म्हणाली, "रविवारी येते."

सुशोभीकरण म्हणजे चौकात एक कमान, तिच्यावर बदलत्या रंगांचे दिवे, एक फोटो काढायची जागा जिथं गावाचं नाव मोठ्या अक्षरांत आणि मधे लाल बदाम, आणि कारंजं. कारंज्याचं उद्घाटन शनिवारी होतं. त्या दिवशी सकाळपासून आक्का कॉलनीच्या तोंडाशी कळश्या मांडून बसली होती. जायच्या आधी घर धुऊन जायचं होतं तिला. ऊन चढलं, टँकर येईना. बायका येऊन रांग लावून परत गेल्या. शेवटी मी टँकरवाल्याला फोन केला.

"आज कॉलनी कू नै आता, सर," तो म्हणाला. "फव्वारे में डालने का बोले. दो फेरे वहींच."

मी फोन स्पीकरवर ठेवला होता. मला बटणं नीट कळत नाहीत. आक्कानं ऐकलं.

ती उठली. काठी घेतली. शेजाऱ्याच्या दारात जाऊन म्हणाली, "तुझी लोडिंग रिक्षा आहे ना?"

"हाय की, आक्का."

"कळश्या भर. मलापण चढव."

"कुठं जायाचं?"

"पाण्याला."

शेजारी माझ्याकडं बघून हसला. वावर गेल्यापासून मी त्याला असं हसताना पाहिलं नव्हतं. आणखी चार-पाच बायका आपापले हंडे घेऊन चढल्या. मला जागा उरली नाही, मी मागून पायी.

मी चौकात पोचलो तेव्हा फीत कापून झाली होती. बँडवाले दमून थांबले होते. कारंजं उडत होतं, निळं-हिरवं, आणि आक्का त्याच्या कठड्यावर बसून शांतपणे कळशी बुडवत होती. बायका हंडे पुढं सरकवत होत्या. शेजारी भरलेले उचलून रिक्षात ठेवत होता. पाहुणे मोबाईल काढून उभे होते. नगरसेवकाचा फेटा एका बाजूला कलला होता.

"आक्का, हे काय करताय? बाहेरची माणसं आलीत."

"येऊ दे. बाहेरच्यांनाच तर दाखवायचं असतं सगळं."

"आक्का, हे शोभेचं पाणी आहे."

"हे माझ्या टँकरचं पाणी आहे. गढूळपणा ओळखते मी त्याचा."

"उद्या दोन टँकर पाठवतो. आज तेवढं..."

"टँकर नको. नळ दे. नळ येईल त्या दिवशी मी इथं यायची थांबते. तोवर रोज येईन. गुडघ्याला तेवढाच व्यायाम."

पाहुण्यांपैकी एका बाईंनी पदर खोचला आणि एक हंडा उचलायला हात दिला. नगरसेवक पुन्हा झाड झाला, पण आता त्याच्या अंगावरून घाम ओघळत होता.

रविवारी आक्का पुण्याला गेली नाही. लेकीला फोनवर म्हणाली, "नाही गं, इथं काम निघालंय." बॅग तिनं रिकामी केली. तेव्हापासून रोज सकाळी रिक्षा भरून बायका चौकात जातात. नगरपरिषदेनं कारंजं बंद केलं, तर त्या कोरडे हंडे घेऊन त्याच्या काठावर जाऊन बसल्या, आणि ते दृश्य जास्त वाईट दिसतं म्हणून पुन्हा सुरू केलं. नळ अजून आलेला नाही. मोजणीला दोन माणसं मात्र येऊन गेली. खांद्यावर टेप होता आणि त्यांनी खरोखर जमीन मोजली. यापुढचं मी काही सांगत नाही, कारण समाधानकारक हा शब्द माझ्या तोंडून पुन्हा निघू नये अशी माझी इच्छा आहे.

काल सकाळी बायका निघत होत्या तेव्हा मीही शर्ट घालून तयार झालो. आक्काला म्हणालो, "मी एक बोर्ड रंगवतो. छान मोठ्या अक्षरांत. आणि कुणी साहेब आलाच तर त्याच्याशी मी बोलतो. या वेळी नीट बोलतो."

आक्कानं रिक्षाच्या दांडीला धरून मागं वळून बघितलं.

"तू घरातच बस," ती म्हणाली. "तू तोंड उघडलंस की सरकारला वाटतं आपलं बरं चाललंय."